कासवीची नखे

कासवाची पाठ, कासवाची चाल आणि कासवाची दृष्टी या तिन्हींना मराठी साहित्यात मानाचे स्थान आहे. संतांची कासवी तर पिलांना नुसत्या नजरेने पोसते. नखांच्या वाट्याला मात्र काही आलेले नाही. देवळातल्या दगडी कासवालाही पाथरवटाने चार पावले दिलेली असतात. ती निरखून कोण पाहतो? आम्हा उभयतांवर तशी वेळ आली ती दक्षिण इंग्लंडमधल्या आमच्या घरी एक खरे कासव राहायला आले तेव्हा.

ते शेजारच्या आजीबाईंचे. भूमध्य समुद्राकाठची कासवे एके काळी मोरोक्को-तुर्कस्तानातून खोकी भरभरून या देशात येत आणि दुकानांत स्वस्तात विकली जात. १९८४ साली हा व्यापार बंद झाला. आधी आलेल्यांपैकी जी तगली ती अजून घरोघरी आहेत आणि एकेका मालकाला मागे टाकत चालली आहेत. आजीबाईंचे कासव त्यांच्या वडिलांनी १९६०च्या दशकात आणलेले. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांना बागेच्या पायऱ्या उतरवेनात, तेव्हापासून तेही स्वयंपाकघरातच राहिले. आजीबाई वृद्धाश्रमात गेल्या आणि ते आमच्याकडे आले. पुढच्या पायांची नखे वाढून बाजूला वळलेली, पाऊल सरळ टेकत नाही, आणि लाकडी जमिनीवर चालू लागले की टकटक आवाज.

पशुवैद्यबाईंनी नखांकडे नंतर पाहिले. आधी विचारले, खाते काय, ऊन किती मिळते, कशावर चालते. नखे बेसुमार वाढण्यामागे कधी चुकीचा आहार असतो, कधी आतला आजार, आणि फार वेळा नुसती गुळगुळीत फरशी. मग शेपूट पाहून त्यांनी हे कासव मादी असल्याचे सांगितले. आजीबाई साठ वर्षे तिला पुरुषाच्या नावाने हाक मारीत आल्या होत्या. (गिल्बर्ट व्हाइट या अठराव्या शतकातल्या निसर्गलेखकाचे टिमोथी नावाचे कासवही मृत्यूनंतर मादी ठरले. या देशाची ही जुनी खोड दिसते.)

कासवाचे नख म्हणजे एक टोपण आहे. आत रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा. फिकट नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसत नाही. मागून विजेरी धरली तर कधी अंदाज येतो. वाढलेल्या नखात गाभाही पुढे सरकलेला असू शकतो, म्हणून एका बैठकीत नख ‘नीट’ करण्याचा मोह आवरावा लागतो. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवायचे, टोकाचा तांदळाएवढा तुकडा काढायचा, कानशीने घासायचे आणि काही आठवडे थांबायचे. रक्त आलेच तर मक्याचे पीठ दाबून धरायचे. पहिली खेप वैद्यबाईंनी केली, पुढच्या आम्ही: एकाने धरायचे, एकाने कापायचे.

धरायचे म्हणजे वाट पाहायची. पाय आत गेले की पुढचे दोन्ही पाय दाराच्या फळ्यांसारखे डोक्यापुढे मिटतात आणि ते ओढून काढणे म्हणजे तिला इजा करणे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या स्थितप्रज्ञाच्या उपमेत कासव अंग फक्त आवरून घेते. ज्ञानेश्वरांचे कासव प्रसन्न झाले तर अवयव पसरतेही. ही भर किती मोलाची आहे हे हातात कात्री घेऊन अर्धा तास ताटकळल्याखेरीज कळायचे नाही. आमची कासवी मात्र अंग आवरते ती इंद्रियजयापोटी नव्हे, भयापोटी. उपमेने तेवढे सोयीस्करपणे वगळले आहे.

व्हाइटने टिमोथीला नोव्हेंबरात जमीन उकरताना पाहिले होते: पुढच्या पायांनी माती खरवडायची, मागच्यांनी पाठीमागे फेकायची, तेही घड्याळाच्या तासकाट्याच्या गतीने. नखे असतात ती यासाठी. तेव्हा आम्ही कात्रीपेक्षा बागेवर जास्त खर्च केला. ऊन येणारा कोपरा कुंपण घालून तिला दिला, वाटेत खडबडीत पाटीचे दगड बसवले आणि डँडेलियनची पाने त्या दगडावरच वाढू लागलो. दुसऱ्या उन्हाळ्यापासून कात्री खणातच आहे. तिच्या मांड्यांवरचे काटे मात्र जन्मजात आहेत, त्यांना हात लावायचा नसतो.

भारतातल्या वाचकांपैकी कुणाकडे काचेच्या टाकीतले लाल पट्ट्यांच्या कानशिलाचे अमेरिकी कासव असेल, तर त्यातल्या नराची पुढची नखे लांबच असतात. मादीच्या चेहऱ्यासमोर ती थरथरवून तो प्रियाराधन करतो. ती कापणे हा शुद्ध अरसिकपणा होय. आपले चांदणी कासव तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी ठेवताच येत नाही, मग नखांचा प्रश्नच उरत नाही.

आजीबाईंना आम्ही मातीने भरलेल्या पावलांचा फोटो नेऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारले, “तुमच्यानंतर?” आम्ही दोघेही साठीला टेकलेले, कासवी अजून कित्येक वर्षे चालेल. गेल्या वर्षी मृत्युपत्र केले, त्यात तिच्यासाठी भाचीचे नाव घातले. भाची चौथ्या मजल्यावर राहते. वकिलाने आणखी काही अट आहे का विचारले, तेव्हा एक ओळ वाढवून घेतली: घर तळमजल्यावरचे हवे, आणि दाराबाहेर माती.