लोटा, दोरी आणि कोरिया

डिसेंबर 2024 च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील उमरगा तालुक्यातून तीन मुली पुण्याच्या एस.टी. बसमध्ये बसल्या. एक अकरा वर्षांची, दोघी तेरा वर्षांच्या. पुण्यात काम करायचे, पैसे साठवायचे आणि त्या पैशांतून दक्षिण कोरियाला जाऊन बीटीएस या गायकसमूहाला भेटायचे, असा त्यांचा बेत होता. वाटेतून एक फोन गेला: तीन मुलींना शाळेच्या गाडीतून बळजबरीने पळवून नेले आहे. पोलिसांनी त्या क्रमांकाचा माग काढला, तेव्हा तो बसमधल्याच एका महिलेचा निघाला. सोलापूर मागे टाकून बस मोहोळला पोचली आणि तेथील बसस्थानकावर दुकान चालवणाऱ्या एका बाईच्या मदतीने मुलींना उतरवून घेण्यात आले. अपहरण झालेच नव्हते. तो बनाव मुलींनीच रचला होता.

मराठवाड्यातीलच ही बातमी जालन्याच्या मोंढ्यात आणि दुकानांच्या गाद्यांवरही वाचली गेली. वाचणारे हसले. काहींनी मोबाइलला दोष दिला, काहींनी काळाला. कोरिया कुठे, उमरगा कुठे, असेही कोणी म्हणाले. मात्र ज्या घरांत हे हसणे झाले, त्यांपैकी अनेक घरांचा इतिहास काय सांगतो? पणजोबा मारवाडातून लोटा आणि दोरी घेऊन निघाले, वय चौदा की पंधरा, ओळखीचे कोणी नाही, भाषा येत नाही. कोणाच्या तरी दुकानी झाडलोट केली, मग पेढीवर बसले, मग स्वतःची पेढी उभी केली. विवाहसोहळ्यात, संघाच्या सभेत ही कथा अभिमानाने सांगितली जाते. अनोळखी शहरात जाऊन आधी कमवायचे आणि मग इच्छा पुरी करायची, ही रीत मुलींनी शोधून काढलेली नाही. त्यांच्या बेतात कोणाकडे हात पसरण्याचा किंवा घरच्या तिजोरीला हात लावण्याचा विचार नव्हता, हेही नोंदवण्याजोगे आहे.

अर्थात पणजोबांच्या मागे एक गोष्ट होती, जी या मुलींपाशी नव्हती. ते घरच्यांना सांगून निघाले होते. पुढे जातभाईची पेढी होती, चिठ्ठी होती, जेवणाची सोय होती. तिघींना पुण्यात कोण भेटणार होते? चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे. घरच्या व्यवसायासारखे थोडेच अपवाद आहेत. म्हणजे सरळ माणूस त्यांना काम देणार नाही, आणि जो देईल त्याच्यापासूनच त्यांना जपायला हवे होते. हसणाऱ्यांनी हा हिशेब केला नाही. मोहोळला गाडी थांबली नसती तर पुढे काय, हा विचार अंगावर काटा आणतो.

त्या मुली ज्यांना भेटायला निघाल्या होत्या, त्यांच्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण घरातील वडीलधाऱ्यांना सात नावांपैकी एकही सहसा ठाऊक नसते. बीटीएस हा सात तरुणांचा समूह 13 जून 2013 रोजी लोकांपुढे आला. 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून त्यांच्या प्रमुखाने जगातील तरुणांना स्वतःवर प्रेम करण्याविषयी आवाहन केले. 2020 मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत त्यांचे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या कंपनीचे समभाग कोरियाच्या शेअर बाजारात नोंदले गेले. भेटीचा मामला मात्र निराळा आहे. कोरियन गायकांच्या भेटीच्या कार्यक्रमांत पुष्कळदा सोडत निघते. जितके अल्बम विकत घ्यावेत तितक्या चिठ्ठ्या आपल्या नावे पडतात. अल्बमच्या आत कोणाचे छायाचित्र निघेल हेही आधी कळत नाही, म्हणून तोच अल्बम पुन्हा घेतला जातो. मालाचा खप कसा वाढवावा हे व्यापारी माणसाला कोणी शिकवायला नको. तो हे ऐकून मनोमन दाद देईल.

जिन हा समूहातील वयाने सर्वांत मोठा. तो 12 जून 2024 रोजी सक्तीच्या लष्करी सेवेतून सुटला आणि दुसऱ्याच दिवशी सोलच्या एका क्रीडागृहात सोडतीने निवडलेल्या एक हजार चाहत्यांना त्याने एकेक करून आलिंगन दिले. प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षण. ती दृश्ये जगभरच्या मुलींनी पाहिली. परंतु उमरग्याच्या मुली निघाल्या त्या दिवशी सातांपैकी पाच जण अजून सेवेतच होते. त्या सोलला पोचल्या असत्या, तरी भेटायला समूह जागेवर नव्हता.

त्याच वर्षाच्या जानेवारीत तमिळनाडूतील करूर जिल्ह्यातील आठवीच्या तीन मुली असेच स्वप्न घेऊन निघाल्या होत्या. जवळ सुमारे चौदा हजार रुपये, आणि विशाखापट्टणमहून जहाजाने कोरिया गाठण्याची योजना. चेन्नईपर्यंत जाऊन त्या परत फिरल्या व काटपाडी स्थानकावर सापडल्या.

जैन घरातील मुलीला दर्शनाची ओढ म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. चातुर्मासात साधु-साध्वींच्या दर्शनासाठी आख्खी बस ठरवून लोक शेकडो किलोमीटर जातात. जालन्याच्या गुरु गणेश तपोधामात दुरून येणारे भाविक ती लहानपणापासून पाहते. तेथे चिठ्ठी नाही, दाम नाही, आणि समोर वीतरागाच्या मार्गावरचा जीव आहे, हा फरक मोठाच. शास्त्रात राग म्हणजे आसक्ती, आणि ती बंधनाचे कारण. मराठीत मात्र राग म्हणजे संताप. मुलीच्या मनात पहिला राग असतो, आणि तिला उत्तर मिळते ते दुसऱ्या रागाने. मग ती बोलायचे थांबते. ‘आम्ही निघून आलो’ म्हणण्यापेक्षा ‘आम्हाला पळवून नेले’ म्हणणे त्या तिघींना सोपे वाटले, हा या बातमीतील सर्वांत जड भाग आहे.

ओडिशातील राऊरकेलाच्या श्रेया लेंका हिनेही कोरियाचेच स्वप्न पाहिले होते. टाळेबंदीत घरी सराव करत तिने निवडचाचणी दिली, पुढे सोलमध्ये प्रशिक्षण घेतले आणि मे 2022 मध्ये ब्लॅकस्वान या समूहात तिची निवड झाली. ती घरून निघाली ती घरच्यांना ठाऊक असतानाच.

बाकी गोष्ट कागदांची आहे. अल्पवयीन मुलाच्या पारपत्राचे साधे शुल्क 1000 रुपये असून त्याच्या अर्जासोबत आई-वडिलांच्या संमतीचे पत्र जोडावे लागते. कोरियाचा व्हिसा वेगळा. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता यावे, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये बँकांना दिली. बँकेच्या जुन्या मराठीत अशा खातेदाराला ‘अज्ञान’ म्हणतात, ते सोडून द्यावे. जून 2025 पर्यंत सातही तरुण सेवेतून मुक्त झाले. उद्या ते मुंबईला आले, तर जालन्याहून तिकडे जाणारी वंदे भारत आहेच. महिन्याला किती टाकले तर मुलीचे आणि तिच्यासोबत जाणाऱ्या एका मोठ्या माणसाचे तिकीट निघेल, हे चौविहारानंतरच्या मोकळ्या वेळात तिच्याशेजारी बसून मांडता येते.