बाभळीचे पाणी आणि अडकलेला गळ

खानदेश म्हटले की लोकांना केळी, कापूस आणि ऊन एवढेच आठवते. पण आमच्या या कोरड्या मुलखात तापी, पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर अशा नद्या आहेत आणि त्यांवर बांधलेली धरणे आहेत. धरणाच्या फुगवट्याशेजारी राहणाऱ्या कष्टकरी घरांना रविवारी कालवणापुरता मासा मिळतो. त्या माशापायी आम्ही एका वर्षात जे शिकलो ते सांगावे म्हणून हा लेख. यात प्रवास आहे, थोडी फजिती आहे आणि एक भीतीही आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जळगावहून सकाळच्या गाडीने भुसावळला उतरलो. सोबत आमचा थोरला मुलगा आणि ऑफिसातले एक शिपाई मित्र होते. भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाणारी एस.टी. धरली आणि पुढे रिक्षाने चांगदेवला पोहोचलो. येथे तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. काठावर चांगदेवाचे जुने दगडी मंदिर आहे. खाली भुसावळ तालुक्यात हतनूरचे धरण आहे आणि त्याचा फुगवटा या संगमापर्यंत पसरतो. पावसाळ्यात वर पूर आला की धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. दीपनगरच्या वीज केंद्राला आणि वरणगावच्या आयुध निर्माणीला याच धरणाचे पाणी जाते. म्हणजे आपल्या घरातला दिवा आणि ताटातला मासा, दोन्ही एकाच पाण्यातले.

सोबत फडक्यात कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत बांधून आणले होते. काठावर बसून न्याहारी केली आणि गळ टाकले. पाणी दिसायला शांत होते. ठिकठिकाणी पाण्याबाहेर बाभळीचे काळे शेंडे दिसत होते. मित्र म्हणाले, "साहेब, मासा तिथंच." मासा तिथेच होता, यात शंका नाही. पण दुपारपर्यंत आमचे पाच गळ त्या बाभळीने खाल्ले आणि पिशवीत एक मासा नव्हता.

सहावा गळ अडकला तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मी सोडवून आणतो." त्याला पोहता येते, झाड काठापासून फार दूर नव्हते, म्हणून आम्हीही हो म्हणालो. ती आमची चूक. तो झाडाजवळ गेला, एक बुडी मारली आणि वर येताना त्याच्या पँटचा पाय खालच्या काटेरी फांदीत अडकला. तोंड पाण्याच्या वर येईना. मित्र कमरेएवढ्या पाण्यात उतरले, बांबूची काठी पुढे केली. मुलाने ती धरली, पँट फाटली, पोटरीवर काट्यांचे लांब ओरखडे उठले आणि तो काठाला लागला. हे सारे मिनिटभरात झाले असेल. आम्हाला ते मिनिट अजून रात्री आठवते. गळाची किंमत चहाच्या दोन कपांएवढी होती.

घरी आल्यावर सौ.ने पोटरीला हळद लावली. आम्हाला ती काही बोलली नाही. ते बोलण्यापेक्षा जास्त होते. काठी माळ्यावर गेली.

पुढच्या आठवड्यात सौ.च्या माहेरी धुळ्याला जाणे झाले. एरंडोल, पारोळा करत एस.टी. धुळ्याला पोहोचते. शहराच्या मधून पांझरा वाहते. आमचे सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, वय झालेले, पण पांझरेच्या काठावर त्यांचे सारे आयुष्य गेले. मुलाच्या पायाकडे पाहून त्यांनी सगळे विचारून घेतले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "जावईबापू, मासा काटामाच ऱ्हास. पन गय गया तर दुकानमा भेटस. पोऱ्या गया तर भेटत नही."

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला नदीकाठाने वर घेऊन गेले. पांझरेवर साक्री तालुक्यात अक्कलपाड्याचे धरण आहे, ते अलीकडचे. त्याच्याही आधीपासून या नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. त्या बंधाऱ्यांवर फड पद्धतीची शेती चालत आली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाणी पाळीने घ्यायचे आणि पाटाची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची. सासरे म्हणाले, बंधाऱ्याच्या डोहात झाडी पडलेली असते तिथे मरळ बसतो. मग बंधाऱ्याच्या कडेवर बसून त्यांनी जे दाखवले ते आम्ही वहीत लिहून घेतले. तेच खाली देत आहोत.

आधी मासा झाडीत का राहतो ते समजून घ्यावे. पाण्यात बुडालेल्या फांदीवर शेवाळ धरते. शेवाळावर किडे, झिंगे येतात. त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लहान माशांमागे मरळ, शिवडा, वाम असे शिकारी मासे येतात. शिवाय फांद्यांत त्यांना सावली आणि आडोसा मिळतो. ही गोष्ट जगभरच्या मच्छीमारांना ठाऊक आहे. बांगलादेशातील मच्छीमार मुद्दाम फांद्या पाण्यात रोवतात आणि त्याला काठा म्हणतात. आफ्रिकेतील बेनिन देशातील खाडीत याच पद्धतीला अकाजा म्हणतात. अमेरिकेत नाताळ संपल्यावर टाकून दिलेली झाडे दगड बांधून तलावात सोडतात. आमच्याकडे हे काम धरण आपोआप करते. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की मोकळ्या गाळात विलायती बाभूळ आणि बेशरम उगवते आणि पावसाळ्यात ती सगळी पाण्याखाली जाते.

सासऱ्यांचा पहिला धडा असा की गळ लांब फेकायचा नाही. लांब फेकलेला दोरा ओढताना आडवा येतो आणि वाटेतल्या प्रत्येक फांदीला लागतो. लांब बांबू घ्यावा आणि झाडीच्या वर गळ सरळ खाली सोडावा, सरळच वर काढावा.

दुसरा धडा खोली मोजण्याचा. सुतळीला खडा बांधून हळूहळू खाली सोडायचा. खडा फांदीला टेकला की सुतळीला गाठ मारायची. आमिष फांदीपेक्षा वीत-दीड वीत वर राहील, एवढ्या अंतरावर दोऱ्याला बूच बांधायचे. मग आमिष फांद्यांच्या डोक्यावर तरंगते, आत जात नाही. मासा बाहेर येऊन ते घेतो.

तिसरा धडा वजनाचा. आम्ही शिशाचा गोल गोळा दोऱ्यालाच पक्का बांधत होतो. तो फांदीच्या बेचक्यात बसला की सगळेच गेले. सासऱ्यांनी सायकलच्या स्पोकचा बोटभर तुकडा घेतला, कारण बारीक लांब वस्तू फटीतून निसटते. तो गळाच्या खाली वीतभर अंतरावर शिवणाच्या साध्या दोऱ्याने बांधला. तुकडा अडकला तर शिवणाचा दोरा तुटतो. स्पोक जातो, गळ वाचतो.

चौथा धडा गळाचा. तीन टोकांचा गळ झाडीत कधी वापरू नये. एकच टोक असावे आणि तार बारीक असावी. वरचा तंगूस मात्र जाड घ्यावा. म्हणजे गळ अडकला तर संथ ओढ दिली की बारीक तार सरळ होऊन सुटते आणि पकडीने पुन्हा वाकवता येते. मोठा शिवडा लागला तर तोही असाच गळ सरळ करून जातो, हे खरे. पण तो जाऊ द्यावा. याशिवाय त्यांनी प्लॅस्टिकच्या झाडूचा एक ताठ केस गळाच्या दांडीला दोऱ्याने गुंडाळला आणि त्याचे दुसरे टोक गळाच्या टोकापुढे आणून ठेवले. फांदी लागली तर ती केसावरून घसरते. माशाने तोंड मिटले तर केस दबतो आणि टोक मोकळे होते.

पाचवा धडा आमिषाचा, आणि आम्ही सगळ्यात जास्त चुकलो ते येथे. आम्ही लहान मासा पाठीच्या पंखामागे टोचत होतो. तिथे टोचला की त्याचे डोके खाली होते आणि तो जीव घेऊन सरळ झाडीत शिरतो. गळ आपण अडकवत नाही, तोच अडकवून येतो. मासा बोटाएवढा असावा. मोठा असेल तर बूचही ओढून नेतो. गळ खालून वर, दोन्ही ओठांतून घ्यावा. त्याने टोक वरच्या बाजूला राहते आणि ओढताना मासा डोक्याच्या दिशेने सरळ येतो, फांदीत आडवा होत नाही. झिंगा असेल तर शेपटीत टोचावा. गांडूळ असेल तर गळावर मोज्यासारखे चढवावे आणि गळाचे टोक त्याच्या अंगातच झाकलेले ठेवावे.

एवढे करूनही गळ अडकतो. तेव्हा हिसका देऊ नये, हिसक्याने टोक आणखी खोल रुतते. दोरा सैल सोडून थोडे थांबावे. आमिष जिवंत असेल तर पुष्कळदा तेच फिरून गळ मोकळा करते. नाही झाला तर ज्या बाजूने आत गेला त्याच्या उलट बाजूला जाऊन हळू ओढावे. तरी नाही, तर तंगूस काठीला गुंडाळून तोडावा. हाताला गुंडाळू नये, तो मांसात उतरतो. तुटलेला तंगूस हाती येईल तेवढा गोळा करून घरी आणावा. हतनूरवर हिवाळ्यात दुरून पाहुणे पक्षी येतात, त्यांच्या पायांना तो गुंतवतो. आणि सर्वांत शेवटचे, पाण्यात कोणीही उतरायचे नाही. धरणाच्या खालच्या अंगाला तर उभेही राहू नये, दरवाजे उघडले की पाणी पाहता पाहता चढते.

संध्याकाळी घरी सौ.ने हे सगळे ऐकले आणि विचारले, "अहो, विहारात 'पाणातिपाता' म्हणता आणि जिवंत जीव ओठातून टोचायला वहीत लिहून घेता?" सासरे हसले. आम्हाला हसू आले नाही. आपल्यापैकी अनेकांच्या ताटात मासा आहे आणि तो कोणी तरी पकडतोच, हे खरे. गरिबाच्या पोराला त्यातून दोन घास चांगले मिळतात, हेही खरे. पण आमिषाचा जीव दुखतो, हे तिचे म्हणणे खोटे म्हणता येणार नाही. भगवंतांनी उपासकाला जे पाच व्यापार टाळायला सांगितले त्यात प्राण्यांचा आणि मांसाचा व्यापार आहे. आम्ही व्यापार करत नाही, एवढे म्हणून सुटका होते का, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा. आमच्या घरात तेव्हापासून एवढे ठरले आहे: करमणूक म्हणून गळ टाकायचा नाही. रोहू, मृगळ कणकेच्या गोळ्यावर येतात, तिथे जिवंत आमिष नको. घरापुरता मिळाला की काठी गुंडाळायची आणि धरलेला मासा तडफडत न ठेवता लगेच मारायचा. मरळाची तांबूस पिल्ले पाण्यावर गोळ्याने फिरताना दिसली तर तिथे गळ टाकायचा नाही, कारण खाली आईबाप राखण करत असतात.

आणखी दोन गोष्टी. धरणातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. त्यांचे पोट त्यावर आहे, म्हणून आधी विचारावे. आणि उरलेले जिवंत आमिष दुसऱ्या पाण्यात ओतू नये. परका मासा अशानेच पसरतो आणि गावचा मासा संपतो.

सासऱ्यांनी निघताना सांगितले होते, "मे महिनामा जाईसन देखा." म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा चांगदेवला गेलो, काठी न घेता. पाणी खूप मागे गेले होते. जिथे मुलगा बुडी मारून गेला होता तिथपर्यंत आम्ही गाळ वाळलेल्या जमिनीवरून चालत गेलो. ती बाभूळ उभी होती. तिच्या फांद्यांत निरनिराळ्या रंगांचा तंगूस लोंबत होता, गंजलेले गळ होते, एक चप्पल होती. मुलाने त्यातला आपला गळ ओळखला. आम्ही दोघांनी मिळून जमेल तेवढा तंगूस काढून पिशवीत भरला. कुठे झाडी दाट आहे, कुठे मोकळी वाट आहे, हे मंदिराच्या आणि काठावरच्या झाडांच्या खुणेने वहीत मांडून घेतले. पाणी भरल्यावर हे काही दिसत नाही.

पावसाळा सरला, दरवाजे बंद झाले, फुगवटा भरला आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा तिथे बसलो. दिवसभरात दोन मरळ मिळाले, घराला पुरे होते. स्पोकचे तीन तुकडे गेले. शेवटी एक गळ अडकला तो अडकलाच. दोरा सैल केला, थांबलो, उलट बाजूने ओढून पाहिले, काही उपयोग झाला नाही. आम्ही मुलाकडे पाहिले. त्याने पाण्याकडे पाहिलेही नाही. तंगूस काठीला गुंडाळला, ताण दिला आणि तोडला. मग म्हणाला, "बाबा, मे महिन्यात येऊन काढू."