वाँडलबरीचा अश्व आणि त्याचा वंश

आपल्या महाराष्ट्रांत कुलवृत्तांतांची आवड जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून आला, त्याला मुलगे किती, हें सारें हौसेनें जमवून छापणारीं घराणीं आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु माणसांच्या कुलवृत्तांतांना लाजवील इतक्या काटेकोरपणें राखलेला एक कुलवृत्तांत इंग्लंडांत आहे, आणि तो घोड्यांचा आहे. ‘जनरल स्टड बुक’ हें त्याचें नांव. वेदरबी नामक गृहस्थानें १७९१ सालीं त्याचा आरंभीचा भाग प्रसिद्ध केला. ब्रिटन व आयर्लंड येथें जन्मणाऱ्या ‘थरोब्रेड’ म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्याचें नांव आईबापांच्या नांवांसह या ग्रंथांत नोंदलें जातें. ज्याची आई किंवा बाप या ग्रंथांत नाहीं, त्याला, तो कितीहि वेगानें धावला तरी, त्या पंक्तींत पाट मिळणें फार कठीण.

अशा या सोंवळ्या ग्रंथाच्या मुळाशीं परदेशांतून आणलेले तीन घोडे आहेत: बायर्ली टर्क, डार्ले अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. यांपैकीं तिसऱ्याच्या आईबापांचा पत्ता कोणालाच नाहीं. जगांतील सर्वांत कडक वंशावळीच्या तीन आधारस्तंभांपैकीं एक स्वतः वंशावळीवांचूनचा आहे, ही गोष्ट आम्हांला मोठी विचार करण्याजोगी वाटली. आणि केंब्रिजला जाण्याचा योग आला तेव्हां त्या घोड्याची समाधि पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं असें आम्ही ठरविलें.

केंब्रिज शहराच्या आग्नेयेस सुमारें दोन कोसांवर गॉग मॅगॉग नांवाच्या खडूच्या टेंकड्या आहेत. टेंकड्या म्हणावयाच्या त्या तेथील सपाट मुलखाच्या मानानें. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या माणसाला त्या चढतांना धापहि लागत नाहीं. त्यांपैकीं एकीच्या माथ्यावर वाँडलबरी हें ठिकाण आहे. इसवी सनापूर्वी सुमारें चारशें वर्षें लोहयुगांतील लोकांनीं येथें वर्तुळाकार तट व खंदक करून गढी उभारली होती. तो खंदक आजहि चांगला दिसतो. त्याच्या कडेनें बीच वृक्षांच्या गर्द सावलींतून सबंध प्रदक्षिणा घालतां येते. ती आम्ही घातली. जवळूनच जुना रोमन रस्ता सरळ रेषेंत निघून गेला आहे. एवढ्याशा जागेंत इतकीं युगें एकमेकांच्या शेजारीं नांदत आहेत, पण कोणी कोणावर कुरघोडी करीत नाहीं.

खंदकाच्या आंत पूर्वी गोडॉल्फिन घराण्याचा वाडा होता. १९५४ मध्यें ही जागा केंब्रिजच्या निसर्गाचें व जुन्या वास्तूंचें रक्षण करणाऱ्या एका संस्थेकडे आली आणि त्याच दशकांत जीर्ण झालेला वाडा पाडण्यांत आला. धन्याचें घर गेलें, घोड्यांचे तबेले मात्र राहिले. आतां हें सर्वांसाठीं खुलें उद्यान असून मुलेंबाळें घेऊन लोक तेथें फिरावयास येतात. तबेल्यांच्या इमारतींत एक कमानीखालची वाट आहे आणि त्या वाटेंत एका दगडी शिळेखालीं गोडॉल्फिन अरेबियन विश्रांति घेत आहे. २५ डिसेंबर १७५३ रोजीं, नाताळच्या दिवशीं, तो मरण पावला. त्याचें वय तेव्हां सुमारें २९ वर्षांचें होतें. घोड्याच्या मानानें हें दीर्घायुष्यच म्हणावयाचें.

आपल्या देशांतहि घोड्यांच्या समाध्या आहेत. हळदीघाटाजवळची चेतकाची समाधि कोणास ठाऊक नाहीं? परंतु चेतकाची कीर्ति रणांगणावरील स्वामिभक्तीची आहे. वाँडलबरीचा हा घोडा कधीं लढाईवर गेला नाहीं आणि इंग्लंडांत एकाहि शर्यतींत धावला नाहीं. तो पिता होता, एवढाच त्याचा पराक्रम.

त्याचा जन्म १७२४ च्या सुमाराचा. तो येमेनकडील अरब कीं उत्तर आफ्रिकेंतील ‘बार्ब’ जातीचा, याविषयीं जाणत्यांत दीर्घकाळ वाद झाला आहे. परंपरा अशी सांगते कीं, ट्युनिसच्या अधिपतीनें फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाला जे घोडे नजराणा म्हणून पाठविले त्यांत हा एक होता. पुढें एडवर्ड कोक या इंग्रज गृहस्थानें त्याला डर्बीशायर परगण्यांतील लाँगफर्ड येथें आणलें. रंगानें तो कुमाईत होता. उंची खांद्यापाशीं पुरते पांच फूटहि नव्हती. आजचे शर्यतीचे घोडे त्याहून चांगले वीतभर उंच भरतात. त्याच्या चित्रांत डोळ्यांत भरते ती मानेची उंच, भरदार कमान.

त्याच्याभोंवतीं दंतकथांचें जाळें विणलें गेलें आहे. कोणी सांगतात, पॅरिसच्या रस्त्यांत तो पाण्याची गाडी ओढीत होता व तेथून त्याचा उद्धार झाला. कोणी सांगतात, एका मांजरावर त्याचें विलक्षण प्रेम होतें. सर्वांत प्रसिद्ध कथा अशी: अर्ल ऑफ गोडॉल्फिन यांच्या तबेल्यांत हा घोडा हलक्या कामाचा गणला जाई, पण रोक्झाना नांवाच्या उत्तम घोडीनें तिच्यासाठीं योजलेल्या हॉबगॉब्लिन या नामांकित घोड्याला झिडकारून या उपेक्षिताला वरलें आणि त्याचें भाग्य उघडलें. १९४८ मध्यें मार्गरीट हेन्री या अमेरिकन लेखिकेनें मुलांसाठीं लिहिलेल्या कादंबरीमुळें हा घोडा घरोघरीं पोंचला.

कथा गोड आहे खरी. पण सालें तिला अनुकूल नाहींत. रोक्झानेचा पहिला बच्चा लॅथ १७३२ सालीं जन्मला. तेव्हां कोक हयात होता. तो १७३३ मध्यें वारला आणि त्यानंतर रॉजर विल्यम्स या लंडनच्या कॉफीगृहवाल्याच्या हातून हा घोडा अर्लकडे आला. म्हणजे अर्लच्या दारीं पाऊल टाकण्यापूर्वीच तो लॅथचा बाप झालेला होता. तरीहि लोक जुनी कथाच सांगत राहिले, यांत नवल नाहीं. गुणाचें चीज होण्यापूर्वीं त्याचा अपमान झालाच पाहिजे, त्याशिवाय कथेला रंग येत नाहीं, अशी मनुष्यस्वभावाची समजूतच आहे.

लॅथ अतिशय वेगवान निघाला. रोक्झानेनें १७३४ सालीं केड या पुत्राला जन्म दिला आणि थोड्याच दिवसांत ती मरण पावली. पोरकें शिंगरूं गाईच्या दुधावर वाढविलें, असें सांगतात. त्याच केडला पुढें १७४८ मध्यें मॅचेम हा पुत्र झाला आणि गोडॉल्फिनचा पुरुषवंश या मॅचेमपासून पुढें चालला. आईवेगळ्या शिंगराला गाईच्या दुधाची वाटी कोणा मोतद्दारानें दिली, त्याचें नांव कोणत्याहि ग्रंथांत नाहीं; पण तो वंश आज आहे तो त्याच्या हातून तगला.

आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. पुरुषवंशाच्या दृष्टीनें पाहिलें तर गोडॉल्फिन आज जवळजवळ हरलेला दिसतो. डब्लिन येथील संशोधकांनीं २००१ मध्यें जें गणित मांडलें, त्याप्रमाणें आजच्या थरोब्रेड घोड्यांपैकीं सुमारें ९५ टक्के बापाच्या बाजूनें एकट्या डार्ले अरेबियनकडे पोंचतात. गोडॉल्फिनची शाखा अमेरिकेंत मॅन ओ’ वॉर या विख्यात घोड्यानें सांवरून धरली. १९१९ व १९२० या दोन वर्षांत तो २१ शर्यतींत धावला आणि २० जिंकला. त्याच्याच शाखेंतील टिझ्नाउ यानें २००० व २००१ अशीं लागोपाठ दोन वर्षें ‘ब्रीडर्स कप क्लासिक’ ही मोठी शर्यत जिंकली. तथापि एकंदर शाखा बारीकच.

पण त्याच संशोधकांनीं आईबाप दोहोंकडून आलेल्या रक्ताचा एकत्र हिशेब केला, तेव्हां चित्र पालटलें. सर्व मूळ पूर्वजांत सर्वांत मोठा वाटा, सुमारें १४ टक्के, गोडॉल्फिनचा निघाला. डार्लेचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. हें घडलें कसें? लेकींमुळें. गोडॉल्फिनचा एक पुत्र रेग्युलस. रेग्युलसची कन्या स्पिलेटा. आणि स्पिलेटेच्या पोटीं १७६४ सालीं एक्लिप्स जन्मला. एक्लिप्स १८ शर्यती धावला आणि एकहि हरला नाहीं. डार्लेचा आजचा पुरुषवंश जवळजवळ सारा या एक्लिप्सकडूनच आलेला आहे. म्हणजे ज्या घराण्यानें गोडॉल्फिनच्या घराण्यावर मात केली, त्या घराण्याच्या मूळ पुरुषाच्या आजोळीं गोडॉल्फिनच बसलेला आहे! महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांतहि तोच आहे.

आपल्या घरांतील जुन्या वंशावळी काढून पाहाव्या. मुलग्यांच्या नांवांच्या फांद्या पसरलेल्या असतात. लेकींचीं नांवें बहुधा नसतात, आणि घरांत आलेल्या सुनांचीं माहेरें तर क्वचितच. एखादी फांदी मुलगा नाहीं म्हणून तेथेंच तोडलेली असते आणि खालीं ‘वंश खुंटला’ असा शेरा असतो. हा शेरा मारतांना लेखणी जराहि अडखळत नाहीं. वास्तविक आपल्या शास्त्रकारांनीं विवाहाच्या निषेधासाठीं सापिंड्य मोजतांना बापाकडील सात पिढ्यांबरोबर आईकडील पांच पिढ्याहि धरल्या आहेत. म्हणजे आईकडून रक्त येतें हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. विसरलों ते आपण.

दुसरा धडा त्या सोंवळ्या ग्रंथासाठीं आहे. बंद दारांआड जातीचा कस राखतां राखतां थरोब्रेड घोड्यांत जवळच्या नात्यांतील संकर गेल्या पन्नास वर्षांत वाढत चालला आहे, असें २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. त्याच ग्रंथाचे आजचे नियम १७३० सालीं लागू असते तर, आईबापांचा पत्ता नसलेल्या या बुटक्या परदेशी घोड्याला दारांतूनच परत पाठविण्यांत आलें असतें. मग लॅथ, केड व रेग्युलस झाले नसते आणि एक्लिप्सहि झाला नसता.

कुलाचा अभिमान वाईट नव्हे. पण ज्या पाहुण्यानें कुलाला तेज दिलें आणि ज्या लेकींनीं तें दुसऱ्या घरीं नेऊन पेटतें ठेवलें, त्यांच्यासाठीं वंशावळींत एक ओळ राखून ठेवणें हें आपलें ऋण आहे. ज्यांच्या घरीं कुलवृत्तांताचें काम चाललें असेल, त्यांनीं घरांतील वृद्ध स्त्रियांना आजच त्यांच्या आईचें, आजीचें व माहेरचें नांव विचारून लिहून घ्यावें. हीं नांवें सांगणारीं माणसें फार काळ राहात नाहींत.