भुशाची शेगडी आणि तिच्याभोवतीचं घर

१९६०च्या आगेमागे जिल्ह्याच्या गावी जन्मलेल्या आम्हा बहुतेकांच्या वाट्याला एक काम हमखास यायचं. वखारीतून भुसा आणायचा. गॅससाठी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं नंबर यायचा नाही. रॉकेल रेशनवर, तेही कार्डावर नोंद करून मोजून. लाकूडफाटा महाग. करवतीखाली पडलेला भुसा मात्र पोत्यावर मिळायचा आणि पोतं पाठीवर टाकून आणायला आम्ही पोरं होतोच.

त्या भुशाची शेगडी कशी भरायची, हे आमच्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. तेलाचा रिकामा डबा, बुडाजवळ एका बाजूला मनगट जाईल एवढं भोक. मधोमध एक बाटली उभी धरायची, बाजूच्या भोकातून गोल दांडकं सारून तिच्या बुडाला टेकवायचं आणि भोवतीनं मूठमूठ भुसा ठासत यायचं. "अजून दाब. बोट रुतता कामा नये," आत्या म्हणायची आणि खरोखर बोट टेकवून बघायची. मग बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची, दांडकं बाजूनं ओढून घ्यायचं. आत उरायचा काटकोनातला बोगदा. खालच्या भोकात काटक्या पेटवल्या की तिथूनच हवा शिरायची, आच मधल्या भोकातून वर यायची आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जायचा. कोरडा आणि घट्ट भरलेला असेल तर वरण, भात, भाजी होऊन वर एक पातेलं पाणीही तापायचं. ढिला राहिला तर मधेच ढासळायचा आणि धूर थेट माडीपर्यंत. भुसा कोरडा राहावा म्हणून पावसाळ्याआधी भुशाची पोती माळ्यावर चढवलेली असायची.

एवढं बारकाईनं सांगतो, कारण त्या घरांना नुसतं काटकसरी म्हटलं की माझं समाधान होत नाही. काटकसर म्हणजे कमी वापरणं. तिथं एका गोष्टीतून पुढची कोणती निघेल याचं पक्कं ज्ञान होतं. पेटलेली आच रिकामी जाऊ द्यायची नाही, हा त्यातला पहिला नियम. वरण-भात उतरला की दूध चढायचं. मंद आचेवर ते तास-दीड तास राहायचं, म्हणून साय जाड यायची. मग निखाऱ्यांवर पापड, राखेत रताळी. दुसऱ्या दिवशी तीच राख भांडी घासायला, आणि उरली तर घेवड्याच्या वेलावर मावा पडला असेल तिथं भुरभुरायला.

आजोळी कोकणात हीच रीत पाण्याला. न्हाणीघराचं पाणी पन्हळीतून मागच्या बाजूला जायचं आणि तिथं अळू, कर्दळ आणि केळी उभ्या असायच्या. अळवाचं फदफदं, केळफुलाची भाजी, जेवायला केळीचं पान, सगळं त्या सांडपाण्यावर. तेव्हा अंगाला बहुधा डाळीचं पीठ आणि केसांना शिकेकाई, त्यामुळे त्या पाण्यात झाडांना बाधेल असं फारसं काही नसायचं. तांदूळ धुतलेलं पाणी गोठ्यात. आणि रतांबे! त्यांच्या साली रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, तेव्हा कुठं आमसुलं काळी व्हायची. उरलेल्या रसात मीठ घातलं की आगळ. बिया वाळवून, फोडून, कुटून उकळायच्या, वर तरंगणारं तेल थिजलं की त्याचे मुटके करायचे. ते भिरंडेल. थंडीत भेगा पडलेल्या टाचांना मामी ते गरम करून लावायची. एवढ्याशा फळाचं टाकून देण्यासारखं काही उरतच नसे.

लुगड्याचा प्रवास तर सगळ्या घरांत सारखाच. नेसून विरलं की दोन जुनेरांचं मिळून एक दंड घातलेलं लुगडं. तेही फाटायला आलं की त्याचे थर गोधडीत. घरात पाळणा हलणार असेल तर सगळ्यांत मऊ पदर बाजूला काढून दुपटी आणि झबली. धोतराचं फडकं चक्का टांगायला. सगळ्यात शेवटी पोतेरं. दुपारची जेवणं उरकली की आजी माजघरात गोधडी पसरायची आणि आम्हाला चारी कोपऱ्यांवर बसवायची, थर सरकू नयेत म्हणून. तिचा धावदोरा कडेनं सुरू होऊन आत आत यायचा. टाके एकसारखे, दोरा जुन्या कापडातूनच ओढून काढलेला.

मग १९७२चा दुष्काळ आला. रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो मिळायला लागला. त्याच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडा चिरायच्या. आईनं उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली, ती मळली आणि मग भाकरी थापली. शेजारणींनी येऊन ते बघितलं आणि आठवड्यात आळीभर तशाच भाकऱ्या व्हायला लागल्या. ही माणसं मिळेल त्यात मुकाट भागवणारी होती, असं मात्र कुणी समजू नये. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं महागाईविरुद्ध बायका एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. घरात थेंब थेंब रॉकेल वाचवणाऱ्या बायकांना ते महाग का झालं, हे विचारायचा पूर्ण अधिकार होता.

या सगळ्याची किंमतही त्यांनीच मोजली, हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. धुरानं लाल झालेले डोळे, पाट्यावर वाकलेली पाठ, उन्हाळाभर गच्चीवर कुरडयांची राखण. आजोबांच्या वाट्याला यातलं काहीही आलं नाही. मला ती माणसं हवी आहेत, त्यांचं ज्ञान हवं आहे, आत्याचा खोकला नको आहे. म्हणून पुण्यात १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या 'आरती' या संस्थेच्या कामाविषयी मला फार आपुलकी वाटते. उसाचं पाचट शेतात पेटवून दिलं जातं. त्यांनी त्याचा कोळसा करून कांड्या पाडल्या. त्यांच्या सराई कुकरमध्ये असा शंभरेक ग्रॅम कोळसा एका कुटुंबाचं वरण, भात, भाजी वाफेवर शिजवतो, समोर कुणी फुंकत बसावं लागत नाही. या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आत्या असती तर बक्षिसाचं तिला काही वाटलं नसतं. तिनं झाकण उघडून खाली किती राख उरली ते आधी बघितलं असतं.

फ्लॅटमध्ये राहून यातलं सगळं जमत नाही. न्हाणीचं पाणी अळवाला नेता येत नाही, भुसा ठेवायला माळा नाही. पण वर्षाची तूरडाळ अजूनही आम्ही मे महिन्यात भरतो. गच्चीवर दोन कडक उन्हं द्यायची, पूर्ण निवू द्यायची, मग किलोला एक लहान चमचा या मापानं एरंडेल घेऊन दोन्ही तळव्यांनी डाळ चोळायची. प्रत्येक दाण्याला तेलाचा पातळ हात लागला की किड्याची अंडी त्यावर तगत नाहीत. डबाही उन्हात तापवून घ्यायचा आणि निवल्यावरच भरायचा. मुलगी या वर्षी पहिल्यांदाच चोळायला बसली. तेल जास्त झालं तर डाळ शिजायला उशीर लागतो, एवढंच तिला सांगावं लागलं.