स्वस्त का, ते आधी तपासा

साताऱ्यातलं आमचं घर जुनं, वर उघडी गच्ची. दर पावसाळ्यात मागच्या खोलीच्या छताला ओल यायची आणि रंगाचे पोपडे सुटायचे. म्हणून मे महिन्यात वॉटरप्रूफिंग करून घ्यायचं ठरवलं. दोन ठेकेदारांकडून दर मागवले. दोघांचेही चौरस फुटाला 45 रुपयांच्या आसपास आले. गच्ची 700 चौरस फुटांची, म्हणजे साडेएकतीस हजारांचा खर्च.

त्याच सुमारास शेजारच्या बंगल्यावर काम करणारे मिस्त्री दारात आले. “काकू, इथलं काम आज-उद्या संपतंय. माल उरलाय, पोरंही इथंच आहेत. तुमची गच्ची 24 रुपयांनी करून देतो. अर्धे पैसे आधी द्या.”

घरात लगेच दोन तट पडले. हे म्हणाले, “इतकं स्वस्त कुणी देत नाही, यात काहीतरी गोम आहे.” सून म्हणाली, “पाऊस तोंडावर आलाय, संधी कशाला घालवायची?” मला दोन्ही पटेना. दर कमी सांगितला म्हणून माणूस लबाड ठरत नाही आणि गोड बोलला म्हणून प्रामाणिकही ठरत नाही. स्वस्ताईला काहीतरी कारण असतंच. ते कारण आपल्याला तपासता आलं तर पुढे जायचं, नाही तर नाही, असं मी ठरवलं.

पहिला प्रश्न उरलेल्या मालाचा. माल उरला कसा आणि तो कुणाचा? शेजाऱ्यांनी विकत आणून दिलेला माल मिस्त्री परस्पर आमच्या गच्चीवर वापरणार असतील, तर ते आम्हाला नको होतं. मी शेजारी जाऊन सरळ विचारलं. त्यांनी गॅरेजच्या स्लॅबवर लेप द्यायचं रद्द करून पत्र्याची शेड घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून माल उरला. दर मालासकट ठरला होता, त्यामुळे उरलेला माल मिस्त्रींचाच होता.

मग डबा पाहिला. 20 लिटरचा, सीलबंद. त्यावर उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि किती महिन्यांत वापरायचा ते छापलेलं होतं. मुदत बाकी होती. वॉटरप्रूफिंगमध्ये फसवणूक बहुतेक इथेच होते. डबा नावाजलेल्या कंपनीचा असतो आणि आत साधा पांढरा रंग असतो, किंवा माल खरा असला तरी पाणी घालून इतका पातळ करतात की पहिल्या पावसातच लेप सुटतो. म्हणून डबा आमच्यासमोर फोडायचा, हे ठरवून घेतलं.

त्यानंतर हिशेब मांडला. डब्यावर लिहिल्याप्रमाणे दोन हात द्यायला एका लिटरमध्ये साधारण 20 चौरस फूट भागत होते. म्हणजे आम्हाला 35 लिटर लागणार आणि मिस्त्रींकडे होते 20. बाकीचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, “आणखी एक डबा घ्यावा लागेल, तो 24 रुपयांत धरलाय.” हार्डवेअरच्या दुकानात चौकशी केली, तेव्हा डब्याची किंमत पाच हजारांच्या आसपास निघाली. मजुरी आणि भेगा भरायचं सामान धरूनही 16,800 रुपयांत त्यांना थोडेफार पैसे सुटत होते. माणसं आणि अवजारं आधीच शेजारी असल्याने ने-आणीचा खर्च नव्हता. हिशेब बसत होता. मालाची किंमतही वसूल होणार नाही इतका कमी दर कुणी सांगितला, तर तो माणूस कुठेतरी माल मारणारच, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं.

मिस्त्रींकडे जीएसटी क्रमांक नव्हता. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, म्हणून तो दोष मानला नाही. याउलट गेल्या वर्षी दोघं जण ‘आजच बुकिंग केलं तर निम्मा दर’ म्हणत आले होते. त्यांच्या छापील कागदावर 27 ने सुरू होणारा पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक होता. जीएसटीच्या पोर्टलवर तो कुणालाही फुकट तपासता येतो. मी तपासला, तर तो भलत्याच धंद्याच्या नावावर निघाला. त्यांना दारातूनच परत पाठवलं.

शेवटचा मुद्दा आगाऊ पैशांचा. अर्धी रक्कम आधी द्यायला मी नकार दिला. दुसरा डबा आम्ही स्वतः आमच्या नावाच्या बिलावर आणू, मजुरी काम संपल्याच्या दिवशी देऊ आणि चार हजार रुपये जुलैअखेर, छत कोरडं राहिलं तर देऊ, असं सांगितलं. मिस्त्रींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “पोरांची मजुरी थांबवू नका, बाकीचं चालेल.” ज्याला आपल्या कामाची खात्री असते, त्याला असे प्रश्न टोचत नाहीत. आम्ही हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या.

काम नीट झालं. आधी जुना सुटलेला थर खरवडून काढला, भेगा भरल्या, कठडा आणि स्लॅब मिळतात तो कोपरा गोल करून घेतला. लेप पूर्ण वाळल्यावर पाणी जाण्याच्या वाटा बुजवून गच्चीत 48 तास पाणी कोंडून ठेवलं. खाली एक थेंबही आला नाही. जुलैच्या झडीतही छत कोरडं राहिलं.

कुणी फारच स्वस्तात काम करून देतो म्हणाला, तर त्याला लगेच चोर ठरवू नका आणि लगेच पैसेही देऊ नका. कारण विचारा, माल पाहा, हिशेब मांडा, अटी लिहून घ्या. ‘आजच ठरवा’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा. बिल जपून ठेवा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आणि काम पक्कं निघालं, तर राखून ठेवलेले पैसे ठरल्या दिवशी, मागायची वेळ न आणता, कारागिराच्या हातात द्या. विश्वास तपासून घ्यायचा हक्क आपल्याला आहे, तसा तो पाळायची जबाबदारीही आपलीच आहे.