अनुशेष नेमका कुणाचा?

संपादकांनी ‘वेगळा विदर्भ’ हा विषय दिला आणि वर बजावलं की आकडे कमी ठेवा. प्रादेशिक नियोजन शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे हलवायाला साखर जपून वापर म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो.

पुण्या-मुंबईत व्याख्यानाला गेलो की ‘फुटीरतावादी’ हा शेरा हमखास कानावर येतो. गडचिरोलीचं नाव निघालं तर नक्षलवादही त्यातच कालवला जातो. अहो, राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद साध्या बहुमतानं नवं राज्य करू शकते. विधानसभेचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही. आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी 2014 मध्ये विधेयक फेटाळलं, तरी 2 जूनला तेलंगण झालंच. विदर्भाचं वेगळं राज्य करा, अशी शिफारस 1955 मध्ये फाजल अली आयोगानं केली होती. यात देश कुठे तुटतो?

राग आहे तो विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून झालेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराचा. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्या, शिवाय दरवर्षी नागपुरात अधिवेशन, असं ठरलं होतं. त्यातलं अधिवेशन तेवढं दिसतं.

आता थोडे आकडे, संपादकांची माफी मागून. दांडेकर समितीनं 1984 मध्ये राज्याचा अनुशेष 3186.78 कोटी रुपये काढला, त्यातला सुमारे 39 टक्के विदर्भाचा. हा आकडा इथे कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतो. तो काढला कसा, हे कुणी विचारत नाही. समितीनं सिंचन, रस्ते, शिक्षण अशी एकेक बाब घेऊन राज्याची सरासरी काढली, सरासरीखालच्या जिल्ह्याची तूट मोजली आणि ती भरून काढायला लागणारा खर्च रुपयांत मांडला. एकक होता जिल्हा. विदर्भ सरसकट मागास आहे, असं त्या तक्त्यांत कुठेही नाही. हे बोललो की माझे विदर्भवादी मित्र बिथरतात. मंत्रालयातले अधिकारी उलट विचारतात, पैसे दिले तर खर्च का झाले नाहीत? गडचिरोलीपुरतं उत्तर असं, की 1980 चा वनसंवर्धन कायदा आला आणि तुलतुली, कारवाफा, चेन्ना हे सिंचन प्रकल्प अडकले. दोन तृतीयांशाहून अधिक जिल्हा जंगलाखाली आहे. ते जंगल राखल्याबद्दल काही जमा धरावं, असा रकाना त्या तक्त्यांत नव्हता. चंद्रपूरच्या 2920 मेगावॉट वीज केंद्राची राख कुणाच्या अंगणात पडते, यासाठीही नव्हता.

पण मला सतावतो तो सिरोंच्यातला एक प्रश्न. बैठकीत एक धानउत्पादक उठला आणि म्हणाला, “सर, राजधानी नागपूरले आली तर आमचं काय? आमचं गडचिरोलीले जानंच होत नाही.” त्याचं जिल्ह्याचं ठिकाण दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. नदीपलीकडच्या तेलंगणात 2018 पासून शेतीला चोवीस तास फुकट वीज आहे, याचा त्याला हेवा वाटतो. त्याच तेलंगणानं 2019 मध्ये सुरू केलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्यानं अलीकडची शेतं बुडाली, म्हणून संतापही आहे.

जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या 14 गावांत तर दोन्ही राज्यं हजर आहेत. एका घरात मला पत्र्याच्या एकाच डब्यात दोन राज्यांची रेशनकार्डं आणि मतदार ओळखपत्रं दाखवली गेली. जमिनीचा पट्टा मात्र त्या डब्यात नव्हता.

मागण्याही इथे एक नव्हत्या. 1962 मध्ये चांद्यातून, म्हणजे आजच्या चंद्रपुरातून, अपक्ष निवडून आलेले खासदार लाल श्याम शाह गोंडवाना राज्य मागत होते. 1977 मध्ये इथूनच लोकसभेत गेलेले अहेरीचे राजे विश्वेश्वरराव नागविदर्भ. नागपूरच्या सभांत ही नावं फारशी निघत नाहीत.

मी वेगळ्या राज्याच्या बाजूचाच आहे, फक्त पूर्वीइतक्या जोरात नाही. वैधानिक विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, आणि निदान हिशोब विचारायची ती एक जागाही गेली. विदर्भवादी मित्रांना माझं एवढंच सांगणं आहे: तुमच्या नियोजित राज्याचं पहिलं अंदाजपत्रक आजच मांडून दाखवा, आणि त्यात सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि जिवती यांची तरतूद तालुकावार लिहा. नागपूरच्या वाट्यातून किती कापणार, तेही लिहा.