कोडच्या शेवटचा 'टी'

शनिवार सकाळ. चहाचा दुसरा कप, बाहेर पाऊस, आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम बॅगेतच ठेवलाय.

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधला अमेरिकेतला एक सहकारी मुलीच्या ऍडमिशनबद्दल सांगत होता. तिकडच्या काही सरकारी विद्यापीठांत स्कॉलरशिपचा चक्क तक्ता असतो म्हणे. त्याने अलाबामा विद्यापीठाचा दाखवला. एका बाजूला शाळेचे ग्रेड, दुसऱ्या बाजूला परीक्षेचे मार्क. तुमचे आकडे ज्या चौकटीत बसतील तेवढे पैसे तुमचे. वेगळा अर्ज नाही, मुलाखत नाही. "एकदम ऑटोमॅटिक!" तो म्हणाला.

मी म्हटलं, आमच्याकडेही आहे असं एक, मला मिळालं होतं. तो म्हणाला, ग्रेट! आणि पुढचा अर्धा तास कॉलवर काय चाललंय याकडे माझं अजिबात लक्ष नव्हतं.

तर आधी ते 'एक' काय आहे ते सांगतो, कारण इंजिनिअरिंग केलेल्या पुष्कळ लोकांनाही ते माहीत नसतं. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक ब्रँचमध्ये मंजूर जागांच्या वर ५ टक्के जादा जागा असतात. ६० ची ब्रँच असेल तर ३. या जागेवर आलेल्या मुलाला शिक्षण शुल्क माफ, पूर्ण कोर्सभर. ट्यूशन फी वेव्हर स्कीम, टीएफडब्ल्यूएस. घरच्या उत्पन्नाची मर्यादा आता ८ लाख आहे. बाकी सगळं मेरिटवर. डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, मेस हे भरावंच लागतं, आणि एकदा ही जागा घेतली की कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. पण फीचा मोठा आकडा जातो. दर वर्षी अर्ज करायची कटकटही नाही, म्हणजे खरंच ऑटोमॅटिक.

फक्त एक गोष्ट. ऑप्शन फॉर्म भरताना या जागांचे कोड वेगळे असतात. तोच कॉलेजचा आकडा, तीच ब्रँच, पण शेवटी एक 'टी'. तो टीवाला कोड तुम्ही यादीत टाकला नाही, तर तुमचे मार्क कितीही असोत, ती जागा तुम्हाला कोणी देत नाही.

आता मूळ गोष्ट.

माझं गाव वेल्हे तालुक्यातलं, तोरण्याच्या पायथ्याकडचं. (तालुक्याला राजगड नाव द्यायला २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, पण माझ्या तोंडात अजून वेल्हेच येतं.) गावातला एक मित्र पहिलीपासून माझ्या बाकावर होता. चौथीच्या स्कॉलरशिपच्या जादा तासांना गुरुजी आम्हा दोघांना पुढे बसवायचे. निकाल लागला तेव्हा यादीत त्याचं नाव होतं, माझं नव्हतं. सातवीलाही तेच. रक्कम तशी किरकोळच, पण तेव्हा माझ्या आईने त्याच्या आईला पेढे दिले होते ते मला आजही आठवतं. मी पेढा खाल्ला नव्हता.

अकरावी-बारावी सायन्सला आम्ही भोरला एक खोली करून राहिलो. शनिवारी एसटीने कापूरव्होळ, तिथून नसरापूर, तिथून वेल्ह्याची गाडी. मिळाली तर! सोमवारी पहाटे तांदळाची पिशवी आणि भाकऱ्या घेऊन परत. तो मला गणित शिकवायचा आणि मी त्याला इंग्रजी. म्हणजे खरं सांगायचं तर गणित तोच शिकवायचा आणि इंग्रजी आम्ही दोघंही पाठ करायचो.

२०१६ मध्ये सीईटी दिली. २०० पैकी मला १३१, त्याला १३४.

जुलैमध्ये आमच्याकडे भाताची लावणी असते. माणसं दिवसभर इरलं घेऊन चिखलात वाकलेली. तोरणा आठ-आठ दिवस ढगातून बाहेर येत नाही. लाइट जाते, मोबाईलची रेंजही तिच्यामागे जाते. आणि नेमक्या याच दिवसांत कागदपत्रांची तपासणी, मग मेरिट लिस्ट, मग ऑप्शन फॉर्म, प्रत्येकाला तीन-चार दिवसांची मुदत. हे वेळापत्रक करणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी शेत नसावं असं मला तेव्हाही वाटायचं.

मी कागदपत्रं तपासायला पुण्याला मामाबरोबर गेलो. तिथे रांगेत मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी मामाला विचारलं, "उत्पन्नाचा दाखला आहे ना? मग टीचे कोड सगळ्यात वर टाका. थोरल्याच्या वेळी आम्हाला हे कुणी सांगितलं नाही." एवढंच. तेवढ्या एका वाक्यावर माझी चार वर्षांची फी माफ झाली, असं म्हणायला हरकत नाही. मित्र दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर जाऊन आला. दाखला त्याच्याकडेही होता. रांगेतल्या बाई मात्र त्याला भेटल्या नाहीत.

ऑप्शन भरायला आम्ही दोघं नसरापूरच्या सायबर कॅफेत गेलो. एकच मशीन चालू होतं. मी वहीच्या पानावर कोडची यादी करून आणली होती. आधी मी बसलो. तो मागे उभा राहून बघत होता. मग त्याने विचारलं, "तुझ्या कोडांना शेवटी तो टी कसला रे?"

मी म्हणालो, "काय नाय, सेकंड शिफ्टचा असतो."

हे वाक्य मी घरून ठरवून आणलेलं नव्हतं. पण ३ जागा हा आकडा माझ्या डोक्यात होता. १३४ हा आकडाही होता.

त्याने "बरं" म्हणून बिगर टीचे कोड भरले. बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला. पैसे त्याने दिले.

पहिल्या फेरीत मला पुण्याच्या एका खासगी कॉलेजात टीवर कॉम्प्युटर मिळालं. कटऑफची पीडीएफ लागली तेव्हा मी पहिल्यांदा ती जागा शोधली. त्या टी जागांचा शेवटचा मेरिट नंबर माझाच होता. म्हणजे तो यादीत असता तर मी नसतो. अंदाज नाही, छापील हिशोब आहे.

त्याला त्याच कॉलेजात आयटी मिळालं. शिक्षण शुल्क नव्वद हजारांच्या घरात. ईबीसीमध्ये निम्मी सवलत मिळाली, पण त्यासाठी दर वर्षी नवा अर्ज, नवा दाखला. उरलेल्या निम्म्यासाठी त्याच्या वडिलांनी पहिल्या वर्षी बैलजोडी विकली आणि पुढे पतसंस्थेचं कर्ज काढलं. तो शनिवार-रविवार केटरिंगला जायचा. लग्नसराईत रात्री दोनला हॉस्टेलवर यायचा, अंगाला मसालेभाताचा वास. मी तेव्हा कोडिंगची प्रॅक्टिस करत बसलेलो असायचो. कॅम्पसमध्ये माझं आधी झालं, त्याचं सहा महिन्यांनी. आता तो चाकणला आहे, बरं चाललंय. पतसंस्था मात्र अगदी अलीकडे फिटली.

त्याला कळलं का? कळलं. दुसऱ्या वर्षी फीच्या रांगेत त्याने माझी पावती हातात घेऊन वाचली आणि परत दिली. काही बोलला नाही. मीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गावातला एक पोरगा फॉर्म भरायला आमच्या रूमवर आला. तेव्हा हा त्याला म्हणाला, "टीचे कोड आधी. सगळ्यात वर. विसरू नको." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

या जुलैत त्याचा फोन आला. बारावी झालेली चुलत भावंडं, जुळी, एक मुलगा एक मुलगी. मुलीचं सोपं आहे. २०२४ च्या ८ जुलैच्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय, फक्त प्रवेश कॅप राऊंडमधून हवा. मुलाचं मात्र अजून पर्सेंटाइल आणि टी.

"मला इकडे शिफ्ट आहे," तो म्हणाला. "पोराला शनिवारी तुझ्याकडे पाठवतो. कोड तू काढ."

"मी?"

"हां, तूच. तुला माहितीये ना सगळं."

पोरगा बारा वाजेपर्यंत येईल. स्वारगेटला उतरलाय, आत्ताच मेसेज आला. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या पीडीएफ काल रात्रीच डाउनलोड करून ठेवल्यात. यादी अर्धी झालीये.